सांडपाण्यातली औषधं आणि एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांडपाण्याच्या लॅबमध्ये काम करतो म्हटलं की लोक आधी नाक मुरडतात आणि मग हळूच विचारतात, "काय हो, ते गोळ्या-औषधांचं पाण्यात येतं म्हणतात ते खरं का?" सोसायटीच्या सेक्रेटरीपासून ते माझ्या आत्यापर्यंत सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

गोळी मी गिळली, संपली. ती गटारात कशी पोचली?

संपत नाही ना ती. शरीर औषधाचा थोडा भाग वापरतं, थोड्याचं रूप बदलतं आणि उरलेलं संडासातून बाहेर. किती उरतं ते प्रत्येक औषधाचं वेगळं. शुगरची मेटफॉर्मिन घ्या, तिला शरीर जवळपास हातच लावत नाही, शोषली गेलेली गोळी लघवीतून तशीच बाहेर येते. आणि तिचा डोस मिलिग्रॅममध्ये नाही, दिवसाला १-२ ग्रॅम असतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात देशात डायबेटिसवाले १० कोटींच्या वर निघाले, त्यातल्या निम्म्यांनी जरी गोळी घेतली तरी गुणाकार तुम्हीच करा. अमॉक्सिसिलिन अर्ध्याहून जास्त तसंच बाहेर पडतं. याच्या उलट फिटची कार्बामाझेपिन, ती मूळ रूपात जेमतेम २-३ टक्के बाहेर येते, पण तेवढीच पुढे सगळ्या प्लांटला पुरून उरते. तिच्याबद्दल खाली येईलच, आमच्या क्षेत्रातलं ते हट्टी पोर आहे.

शिवाय अंगाला लावलेली मलमं आंघोळीत धुऊन जातात आणि कपाटातली जुनी औषधं लोक बेसिनमध्ये ओततात.

पण किती असतं असं? उगाच घाबरवताय का?

शहराच्या सांडपाण्यात हे मोजायचं माप म्हणजे नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम प्रति लिटर. आकडा डोक्यात बसत नाही म्हणून मी टँकरचा हिशोब सांगतो. १०,००० लिटरचे २५० टँकर उभे करा आणि त्या सगळ्या पाण्यात मिळून ५०० मिलिग्रॅमची एकच क्रोसिन विरघळवा, तर लिटरला २०० नॅनोग्रॅम येतं. आपण बोलतोय ते या पातळीबद्दल. एवढंसं वाटतं, पण औषध बनवलेलंच असतं थोडक्यात काम करण्यासाठी, आणि माशाला ते एकदा नाही, आयुष्यभर रोज मिळतं.

एसटीपी हे काढून टाकतो की नाही?

काढतो, पण चुकून. म्हणजे असं बघा, ॲक्टिव्हेटेड स्लज, म्हणजे हवा सोडून गाळातल्या जंतूंकडून घाण खाऊन घ्यायची पद्धत, १९१४ मध्ये मँचेस्टरला निघाली ती घाण, वास आणि रोगराईसाठी. आजही आमच्या प्लांटला जे पास-नापास करतात ते बीओडी, सीओडी (पाण्यात घाण किती), टीएसएस (तरंगणारे कण) आणि कोलीफॉर्म (मैल्यातले जंतू) यांवर. औषध या प्रश्नपत्रिकेतच नाही. आमचे जंतू पाण्यातली घाण खातात, खाता खाता काही औषधंही त्यांच्या तोंडी लागतात, एवढंच.

सकाळी ड्यूटीवर आलं की पहिलं काम, एअरेशन टँकमधून, म्हणजे जंतूंना हवा देतात त्या टाकीतून, एक लिटर गढूळ पाणी काचेच्या सिलिंडरमध्ये घ्यायचं आणि अर्धा तास ठेवायचं. चॉकलेटी गाळ हळूहळू खाली बसत जातो, वर पिवळसर पण नितळ पाणी उरतं, गाळ ३०० मिलीच्या रेघेच्या आसपास थांबला की जीव भांड्यात पडतो. गाळाला पहिल्या पावसात ओल्या मातीला येतो तसा वास असला तर जंतू खूश आहेत समजायचं. आता तुमचा प्रश्न त्या सिलिंडरमध्येच आहे. औषधाच्या रेणूपुढे तीन वाटा: जंतू खातात, गाळाला चिकटतो, नाहीतर वरच्या नितळ पाण्यासोबत मजेत नदीत जातो. चौथी वाट, हवेत उडून जाणं, ती औषधांच्या बाबतीत जवळपास नाहीच.

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन जंतूंना आवडतात, प्लांट नीट चालत असेल तर ९० टक्क्यांच्या वर जातात. सिप्रोफ्लॉक्सासिन खाल्लं जात नाही पण गाळाला घट्ट चिकटतं. गुडघेदुखीवालं डायक्लोफेनॅक लहरी आहे, एका प्लांटमध्ये जेमतेम जातं, दुसऱ्यात अर्धं जातं, आणि सांडपाण्याच्या पीएचला त्याच्यावर ऋण भार असतो म्हणून ते गाळालाही फारसं चिकटत नाही. आणि कार्बामाझेपिन? जशी आली तशी गेली. बहुतेक ठिकाणी १० टक्केसुद्धा जात नाही. म्हणूनच जगभर लोक तिला खूण म्हणून वापरतात: नदीत किंवा बोअरच्या पाण्यात कार्बामाझेपिन सापडली की समजायचं इथे कुठूनतरी माणसांचं सांडपाणी येतंय.

सगळा खेळ बराचसा गाळाच्या वयावर असतो, म्हणजे जंतू टँकमध्ये सरासरी किती दिवस राहतात त्यावर. ३-४ दिवसांत गाळ बाहेर काढत राहिलात तर फक्त भराभर वाढणारे जंतू टिकतात, १०-१५ दिवस ठेवलात तर अमोनिया खाणारे हळू वाढणारे जंतूही रुजतात आणि त्यांच्यासोबत औषधं पचवायची ताकदही वाढते. पावसाळ्यात मात्र नाल्याचं पाणी घुसून फ्लो दुप्पट होतो, पाणी टँकमध्ये थांबतच नाही, तेव्हा ही सगळी थिअरी वाहून जाते.

रिपोर्टमध्ये "रिमूव्हल ९५ टक्के" लिहिलंय. म्हणजे ९५ टक्के नष्ट झालं ना?

इथेच लोक फसतात, आणि आमच्यातलेही फसतात. रिमूव्हल म्हणजे आत मोजलं तेवढं बाहेर सापडलं नाही, बस. नष्ट झालं असा त्याचा अर्थ नाही. मेटफॉर्मिन कागदावर छान "जाते", प्रत्यक्षात तिचं ग्वानिलयुरिया नावाचं दुसरं रसायन होतं आणि ते नदीत जातं. सिप्रोफ्लॉक्सासिन पाण्यातून गेलं पण गाळात बसलं, आणि तो गाळ वाळवून शेतात खत म्हणून गेला तर तुम्ही ते नदीऐवजी वावरात पाठवलंत.

आणखी एक गंमत. कधीकधी आउटलेटला औषध इनलेटपेक्षा जास्त सापडतं. नवीन पोरगं रिपोर्ट घेऊन येतं, चेहरा पडलेला, "सर काहीतरी चुकलं." चुकलेलं असेलच असं नाही. शरीर औषधाला साखरेसारखा एक तुकडा जोडून बाहेर टाकतं म्हणजे ते पाण्यात सहज विरघळावं, मशीन त्या जोडलेल्या रूपाला ओळखत नाही, आणि आमचे जंतू तो तुकडा तोडून खातात, मग मूळ औषध पुन्हा मोकळं. कार्बामाझेपिनचं उणे रिमूव्हल बऱ्याचदा यातूनच येतं.

शेवटी क्लोरीन टाकताच ना, त्याने मरत नाही का?

औषध जिवंत नसतं, मरेल कसं! हायपो, म्हणजे आम्ही टाकतो ते क्लोरीनचं द्रावण, त्याचा डोस जंतू मारण्यापुरता असतो. काही औषधांशी क्लोरीनची रिॲक्शन होते, पॅरासिटामॉलशी होते, पण त्यातून नवीन क्लोरीनवाले पदार्थ तयार होतात आणि ते मूळ औषधापेक्षा बरे असतीलच असं नाही. कार्बामाझेपिन इथेही ढिम्म.

मग नक्की कशाने जातं?

दोन गोष्टी मोठ्या प्रमाणावर चालतात हे सिद्ध झालंय, ओझोन आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन.

ओझोन म्हणजे नेहमीची ट्रीटमेंट झालेल्या पाण्यात ओझोनचे बुडबुडे सोडायचे, १५-३० मिनिटं पुरतात. कार्बामाझेपिन आणि डायक्लोफेनॅक, जे जंतूंना महिनाभर दाद देत नाहीत, ते ओझोनपुढे लगेच तुटतात. पण तुटतात म्हणजे तुकडे होतात, पूर्ण कार्बन डायऑक्साइड होत नाही, म्हणून मागे वाळूचा फिल्टर लावतात, त्यावरचे जंतू तुकडे संपवतात. एक अडचण आपल्या किनाऱ्यावर जास्त लागू आहे: पाण्यात ब्रोमाइड असलं तर ओझोनमुळे ब्रोमेट तयार होतं आणि त्याने कॅन्सरचा धोका असतो. समुद्रकाठच्या शहरात गटारात खारं पाणी शिरतं तिथे ओझोन लावण्याआधी ब्रोमाइड मोजल्याशिवाय एक पाऊलही टाकू नये असं माझं मत.

कार्बन म्हणजे घरच्या फिल्टरमध्ये असतो तोच, फक्त टनाने. पावडर करून लिटरला १०-२० मिलिग्रॅम टाकायची किंवा दाणेदार कार्बनच्या थरातून पाणी सोडायचं. औषध चिकटतं, नवीन पदार्थ तयार होत नाहीत, हा मोठा फायदा. पण कार्बन भरला की बदला, जाळा, परत आणा. आणि आधीची ट्रीटमेंट ढिली असेल तर कार्बन औषधाऐवजी साधी घाणच गिळत बसतो, पैसे पाण्यात.

आरओनेही जातं. पण जातं म्हणजे बाजूच्या खाऱ्या रिजेक्ट पाण्यात घट्ट होऊन बसतं, त्याचं काय करणार ते आधी सांगा.

हे प्रत्यक्षात कुणी केलंय का?

स्वित्झर्लंडने. झुरिकजवळ ड्युबेनडॉर्फला नॉयगुट नावाचा प्लांट आहे, तिथे २०१४ मध्ये पूर्ण क्षमतेचं ओझोन सुरू झालं. २०१६ पासून कायदाच आला की मोठ्या आणि मोक्याच्या प्लांटनी असे सूक्ष्म प्रदूषक ८० टक्के काढायचे. हजारो रसायनं मोजत बसण्याऐवजी त्यांनी १२ पदार्थ निवडले, त्यात आपली कार्बामाझेपिन आणि डायक्लोफेनॅक आहेतच, आणि पैशासाठी सांडपाण्यामागे माणशी वर्षाला जास्तीत जास्त ९ फ्रँक. मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की त्यांनी परफेक्ट माहितीची वाट पाहिली नाही.

युरोपियन युनियनचा नवा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. दीड लाख लोकसंख्येइतका किंवा त्याहून जास्त भार असलेल्या प्लांटना २०४५ पर्यंत सूक्ष्म प्रदूषक काढायची ही जादा, चौथी पायरी लावायची आहे, आणि त्याचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि कॉस्मेटिक कंपन्यांनी द्यायचा. कंपन्या अर्थातच कोर्टात गेल्यात.

मग आपल्याकडे का नाही लावत?

लावू की, पण आधी सांडपाणी प्लांटपर्यंत येऊ तर दे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात देशात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं असा आकडा आहे, आणि प्रत्यक्षात ट्रीट होतं सुमारे २०,२०० दशलक्ष लिटर. बाकीचं सरळ नाल्यात. मुंबईचं बरंचसं सांडपाणी वर्षानुवर्षं जाळी आणि वाळू काढण्यापुरतं ट्रीट करून वरळी-वांद्र्याहून पाइपने समुद्रात ३ किलोमीटर आत सोडलं जात आलंय. आता वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप, वर्सोवा असे सात नवे प्लांट हाती घेतलेत, मिळून २,४६४ दशलक्ष लिटर रोजचे. पुण्यात मुळा-मुठेसाठी जपानच्या कर्जातून ३९६ दशलक्ष लिटरचे ११ प्लांट.

म्हणून कुणी सेमिनारमध्ये "आपणही ओझोन लावूया" म्हणलं की मला हसू येतं. साधा जंतूंचा प्लांट, गाळाचं वय नीट सांभाळून चोवीस तास चालवला, तर पॅरासिटामॉल-आयबुप्रोफेनसारखी टनावारी औषधं आजच जातील, तेही जास्तीचा रुपया न घालता. फक्त नवीन प्लांट बांधताना मागे ओझोन किंवा कार्बनसाठी जागा सोडून ठेवा, नंतर जागा मिळत नाही.

खरा गुन्हेगार औषध कंपन्या नाहीत का?

कारखान्यांच्या आसपास, हो, आणि तिथला आकडा वेगळ्याच दुनियेतला असतो. हैदराबादजवळ पटनचेरूला सुमारे ९० औषध कारखान्यांचं पाणी एका सामायिक प्लांटमध्ये येत होतं. स्वीडनच्या योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये छापलं की त्या प्लांटमधून ट्रीट होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आहे. नॅनो नाही, मायक्रो नाही, मिलिग्रॅम. गोळी घेतलेल्या पेशंटच्या रक्तात असतं त्याहून जास्त. रोजचा हिशोब ४५ किलो निघाला, अख्खा स्वीडन पाच दिवसांत खातो तेवढं.

त्यानंतर काय झालं ऐका. जानेवारी २०२० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने कारखान्याच्या सांडपाण्यात कुठलं अँटिबायोटिक किती चालेल याचा मसुदा काढला. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली, तर त्यातून अँटिबायोटिकच्या मर्यादाच गायब. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये याच विषयावर मार्गदर्शिका काढली, पण ती पाळायची सक्ती कुणावर नाही. तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ या आपल्या पट्ट्यातल्या लोकांनी हे लक्षात ठेवावं.

हॉस्पिटलबद्दलही विचारतात. एक्स-रे, स्कॅनची डाय, कॅन्सरची औषधं, काही तगडी अँटिबायोटिक्स तिथून जास्त येतात हे खरं. पण बाकी बहुतेक औषधांचा मोठा वाटा आपल्याच घरांतून येतो.

यामुळे अँटिबायोटिक लागू पडेनाशी होतात म्हणतात?

प्लांटमध्ये अब्जावधी जंतू दाटीवाटीने राहतात, त्यांना थोडं थोडं अँटिबायोटिक सतत मिळतं, आणि ते एकमेकांना जनुकं देतात. सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी लिटरला ६४ नॅनोग्रॅमच्या वर गेलं की चिवट जंतूंना फायदा मिळू शकतो असा अंदाज शास्त्रज्ञ वापरतात, म्हणजे टँकरचं वरचं उदाहरण घेतलं तर क्रोसिनच्या त्या आकड्याचा तिसरा हिस्सा. पण सगळा दोष औषधाच्या अंशाला देऊ नका, चिवट जंतू माणसांच्या पोटातूनच मोठ्या संख्येने येतात. २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिल्लीत रस्त्यावर साचलेल्या पाण्याचे १७१ नमुने तपासले तर ५१ मध्ये एनडीएम-१, म्हणजे जंतूंना तगड्या अँटिबायोटिकपासूनही वाचवणारं जनुक, सापडलं, नळाच्या ५० पैकी २ मध्ये. त्यात न ट्रीट झालेल्या मैल्याचा हात मोठा.

माशांना खरंच काही होतं का?

कॅनडात ऑन्टारियोमध्ये प्रयोगासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातल्या २६० नंबरच्या तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं इथिनिलएस्ट्राडायॉल लिटरला ५-६ नॅनोग्रॅम राहील असं टाकलं. नर माशांत अंड्याचं प्रोटीन तयार व्हायला लागलं, वृषणात अंडी दिसायला लागली, आणि फॅटहेड मिनो हा छोटा मासा तळ्यातून जवळजवळ संपला. टाकणं थांबवल्यावर काही वर्षांनी परत आला.

जाता जाता एक दुरुस्ती, कारण व्हॉट्सॲपवर हे फिरतं: डायक्लोफेनॅकने गिधाडं मेली हे खरं, पण सांडपाण्यामुळे नाही. औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन मेली. २००४ मध्ये कारण कळलं, २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली.

नळाच्या पाण्यातून मला औषध जातंय का?

समजा लिटरला १०० नॅनोग्रॅम कार्बामाझेपिन आहे, नळाला एवढी असणं म्हणजे भरपूरच झालं, आणि तुम्ही रोज २ लिटर पाणी ७० वर्षं प्यालात. एकूण होतं ५ मिलिग्रॅम. एक गोळी २०० मिलिग्रॅमची असते. त्यामुळे त्यासाठी आरओ घ्यायची गरज नाही, कार्बनवाला साधा फिल्टर पुरे. अनेक औषधं मिळून दीर्घकाळ काय करतात यावर अभ्यास चालू आहे, पण आज आपल्याकडे गॅस्ट्रो आणि कावीळ हे त्याच पाण्यातले कितीतरी मोठे शत्रू आहेत.

आमच्या सोसायटीच्या एसटीपीचं पाणी फ्लशला आणि बागेला जातं. चालेल?

फ्लशला आणि लॉनला बिनधास्त. पालेभाज्या मात्र त्या पाण्यावर लावू नका. इस्रायलमध्ये ट्रीटेड सांडपाण्यावर शेती खूप होते, तिथे हिब्रू विद्यापीठाच्या लोकांनी २०१६ मध्ये दाखवलं की असा भाजीपाला खाणाऱ्या निरोगी माणसांच्या लघवीत कार्बामाझेपिन येते. प्रमाण अगदी कमी, पण आली. आणि हो, तेच पाणी फ्लशला फिरवत राहिलात की न तुटणारी औषधं त्याच चक्रात घट्ट होत जातात, म्हणून थोडं पाणी बाहेर सोडत राहावं लागतं.

जुन्या गोळ्या फ्लश करू का?

नको. अपवाद: केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२५ मध्ये १७ औषधांची यादी दिली, फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल, डायझेपाम वगैरे, जी घरात कुणाच्या हाती लागली तर जिवावर बेतू शकतं, ती फ्लश करा म्हणतात. एसटीपीवाला म्हणून पोटात गोळा येतो, पण लहान पोराने फेंटॅनिलचा पॅच (अंगाला चिकटवायची औषधी पट्टी) चघळण्यापेक्षा ते परवडलं. बाकी सगळी औषधं घरगुती घातक कचऱ्यात, वेगळ्या पिशवीत. केरळने परत गोळा करायची योजना सुरू केली आहे. आपल्याकडे मेडिकलवाल्याला विचारून बघा, काहीजण घेतात.

एक माणूस म्हणून मी काय करू शकतो?

दुखण्याचं जेल लावता ना? त्यातलं डायक्लोफेनॅक अंगात मुरतं जेमतेम ६ टक्के. बाकीचं हातावर आणि गुडघ्यावर, तिथून बेसिनमध्ये. लावून झालं की हात धुवायच्या आधी कागदाने पुसा, कागद कचऱ्यात टाका, आणि आंघोळ लगेच करू नका.

हे मला कळलं ते स्वतःच्या फजितीतून. एकदा आमच्या कोऱ्या बाटलीत, म्हणजे शुद्ध पाणी भरलेल्या बाटलीतच, डायक्लोफेनॅक निघालं. दोन दिवस मशीन धुतलं, कॉलम बदलला, केमिकलवाल्याला शिव्या घातल्या. शेवटी कळलं की बाटल्या मी भरल्या होत्या आणि त्या सकाळी कंबर धरली म्हणून जेल चोळून आलो होतो. तेव्हापासून सॅम्पलिंगच्या दिवशी जेल बंद, आणि कॅफिन मोजायचं असेल तर चहाही बंद, जो मला जास्त जड जातो.